धुळीचा हिशोब: दीर्घिकेत दर वर्षी किती तारे घडतात ते कसे मोजावे

दीर्घिकेत तारे किती वेगाने घडत आहेत, हे कोणत्याही दुर्बिणीला थेट दिसत नाही. दुर्बिणीला दिसतो प्रकाश, आणि त्यातही ताज्या, जड, निळ्या ताऱ्यांचा प्रकाश. त्यावरून एकूण किती वस्तुमानाचे तारे घडले असतील याचा अंदाज बांधायचा असतो. त्या प्रकाशाचा मोठा वाटा मध्येच धूळ गिळते आणि उष्णतेच्या रूपात, म्हणजे अवरक्त किरणांत, परत देते. म्हणून तारानिर्मितीचा दर काढणे हे बरेचसे हिशोबाचे काम आहे. जो प्रकाश सुटून आला तो एकदा मोजायचा, जो धुळीने गिळला तोही एकदाच मोजायचा, आणि कोणताही दोनदा मोजायचा नाही. बहुतेक चुका इथेच होतात.

उत्तर येते 'सौर वस्तुमान प्रति वर्ष' या एककात. आपल्या आकाशगंगेचा दर साधारण दीड ते दोन आहे. उत्तर पटण्यासारखे आहे का, हे पाहायला हा आकडा कायम जवळ ठेवा. मोठ्या सर्पिल दीर्घिकेसाठी तुमचे उत्तर ४०० आले, तर नवा शोध लागला असे समजण्याआधी एकके तपासा.

पुढची सूत्रे रॉबर्ट केनिकट आणि नील इव्हान्स यांनी २०१२ मध्ये एकत्र मांडलेल्या गुणकांवर आधारलेली आहेत. सगळीकडे लॉग म्हणजे १० पायाचा लॉगरिदम.

आकडेमोडीआधी ठरवायच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट अंतर. तेजस्विता अंतराच्या वर्गावर अवलंबून असल्याने अंतरात १० टक्के चूक झाली की दरात २० टक्के चूक होते. ताम्रसृतीवरून, म्हणजे दीर्घिका दूर जात असल्याने प्रकाश लाल बाजूला किती सरकला यावरून, अंतर काढणे दूरच्या दीर्घिकांना चालते, पण शेजारच्या दीर्घिकांना ते लावू नका. सप्तर्षीतली एम८२ घ्या. तिचा दूर जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे २०० किलोमीटर आहे. हबल स्थिरांक (विश्वाच्या प्रसरणाचा दर) ७० धरला तर अंतर निघते २.९ मेगापारसेक (एक मेगापारसेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे). ताऱ्यांच्या तेजस्वितेवरून काढलेले खरे अंतर मात्र सुमारे ३.६ मेगापारसेक आहे. एवढ्या एका चुकीने दर दीडपटीहून अधिक कमी येतो. साधारण २० मेगापारसेकच्या आतल्या दीर्घिकांसाठी सेफीड (ठराविक लयीत तेज बदलणारे) तारे किंवा लाल राक्षसी ताऱ्यांच्या शाखेचे टोक यांवरून मोजलेले अंतरच वापरा.

दुसरी गोष्ट, ताऱ्यांच्या वस्तुमानांची जन्मवेळची वाटणी. आपल्याला दिसतात फक्त जड तारे. त्यांच्यामागे किती हलके तारे जन्मले, हे गृहीत धरावे लागते. जुने लेखन सालपीटरची १९५५ ची वाटणी वापरते, तर अलीकडचे बहुतेक क्रूपा किंवा शॅब्रिएची. सालपीटरवरून काढलेला दर क्रूपाच्या मापात आणायला सुमारे ०.६७ ने गुणा. क्रूपा आणि शॅब्रिए एकमेकांच्या इतके जवळ आहेत की त्यांच्यातला फरक बहुधा दुर्लक्षिता येतो. इथली सगळी सूत्रे क्रूपाच्या वाटणीची आहेत. दोन लेखांतले दर शेजारी मांडून 'दीडपट फरक आढळला' असे म्हणण्याआधी दोघांची वाटणी एकच आहे ना, हे पाहा. तो दीडपट फरक बऱ्याचदा इथूनच आलेला असतो.

तिसरी गोष्ट आपल्याच आकाशगंगेतली धूळ. त्या दिशेच्या धुळीच्या नकाशावरून निळ्या-पिवळ्या रंगातला वाढीव फरक घ्या. याला रंगाधिक्य म्हणतात. दूर-अतिनील पट्ट्यात शोषण रंगाधिक्याच्या सुमारे ८ पट असते, आणि एच-अल्फा या हायड्रोजनच्या लाल रेषेवर सुमारे अडीच पट. रंगाधिक्य केवळ ०.०५ असले तरी अतिनील प्रकाश ०.४ प्रतीने (प्रत हे तेजाचे लॉगरिदमी माप, आकडा मोठा तितके तेज कमी), म्हणजे जवळजवळ दीडपट, मंद झालेला असतो. एच-अल्फाचे नुकसान त्या मानाने १२ टक्केच. ही दुरुस्ती सर्वांत आधी करायची, दीर्घिकेतल्या धुळीची नंतर.

चौथी गोष्ट, मोजायचा भाग. संपूर्ण दीर्घिका की तिचा तुकडा, हे आधीच ठरवा आणि सगळ्या तरंगलांबींना तोच भाग वापरा.

पहिली वाट: एच-अल्फा रेषा

सूर्याच्या १५ पटींहून जड तारे इतके तापलेले असतात की भोवतालच्या हायड्रोजनचे आयन होतात. इलेक्ट्रॉन परत जोडले जाताना ६५६३ अँगस्ट्रॉमवर लाल रेषा उमटते. हे तारे १ कोटी वर्षांच्या आत संपतात. म्हणून एच-अल्फा 'आत्ता' काय चालले आहे ते सांगते, आणि इतके ताजे उत्तर दुसऱ्या कोणत्याही वाटेने मिळत नाही.

लॉग(दर) = लॉग(एच-अल्फाची तेजस्विता, अर्ग प्रति सेकंद) − ४१.२७

सूत्र सोपे आहे. अवघड आहे ती तेजस्विता नीट काढणे. एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेले उदाहरण घेऊ. ताम्रसृती ०.०५, स्लोन या आकाश-सर्वेक्षणाचा ३ कोनीय सेकंद (एक म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) व्यासाच्या प्रकाशतंतूतून घेतलेला वर्णपट, आकाशगंगेच्या धुळीची दुरुस्ती झालेली. एच-अल्फाचा फ्लक्स (आपल्यापर्यंत पोचणारा प्रकाशप्रवाह) १.२ × १०^−१४ आणि एच-बीटा या हायड्रोजनच्याच निळसर रेषेचा ३.० × १०^−१५ अर्ग प्रति सेकंद प्रति चौरस सेंटिमीटर. स्लोनच्या तक्त्यात हे आकडे १०^−१७ च्या एककात म्हणजे १२०० आणि ३०० असे दिसतील. ते एकक विसरू नका.

पायरी एक: ताऱ्यांचा स्वतःचा वर्णपट वजा करा. एच-बीटाच्या जागी ताऱ्यांच्या वातावरणामुळे एक शोषण-खड्डा असतो आणि वायूची उत्सर्जन रेषा त्या खड्ड्यातूनच वर आलेली असते. खड्डा न भरता रेषा मोजली तर ती बुटकी दिसते. खड्ड्याची समतुल्य रुंदी (सलग प्रकाशाच्या तुलनेत रेषेची ताकद) साधारण २ अँगस्ट्रॉम असते, आणि अलीकडेच तारानिर्मिती थांबलेल्या दीर्घिकांत त्याहून मोठी. एच-बीटाची खरी रुंदी ७ अँगस्ट्रॉम असेल, तर तुम्हाला ५ च दिसेल. एच-अल्फा मुळातच बरीच उंच असल्याने तिचे फारसे बिघडत नाही, पण दोघींचे गुणोत्तर फुगते आणि धूळ आहे त्याहून जास्त वाटते. यावर खरा उपाय म्हणजे ताऱ्यांच्या नमुना-वर्णपटांचे मिश्रण बसवून ते वजा करणे. 'पीपीएक्सएफ' हा प्रोग्राम त्यासाठीच आहे. सरसकट २ अँगस्ट्रॉम मिळवणे ही तात्पुरती सोय समजा.

पायरी दोन: प्रकाश ताऱ्यांचाच आहे ना, हे तपासा. केंद्रात जोमाने खाणारे कृष्णविवर असेल तर तेही हायड्रोजन उजळते. नायट्रोजनची ६५८३ अँगस्ट्रॉमची रेषा भागिले एच-अल्फा, आणि ऑक्सिजनची ५००७ ची रेषा भागिले एच-बीटा, ही दोन गुणोत्तरे काढा. मग:

सीमा = ०.६१ ÷ (लॉग(नायट्रोजन/एच-अल्फा) − ०.०५) + १.३

लॉग(ऑक्सिजन/एच-बीटा) या सीमेच्या वर असेल तर तो प्रकाश शंकास्पद. नायट्रोजनचे गुणोत्तर ०.४ असेल, तर ऑक्सिजनचे सुमारे ०.८७ च्या खाली हवे. शंकास्पद दीर्घिकेला एच-अल्फाचे सूत्र लावू नका. त्यातून निघणारा आकडा कृष्णविवराच्या खादाडपणाचा असतो, तारानिर्मितीचा नव्हे.

पायरी तीन: धूळ. सुमारे १०,००० केल्विन तापमानाच्या वायूत एच-अल्फा आणि एच-बीटाचे स्वाभाविक गुणोत्तर २.८६ असते. धूळ निळा प्रकाश जास्त खाते, म्हणून ते वाढते. आपले गुणोत्तर ४.० आहे.

रंगाधिक्य = २.३१ × लॉग(४.० ÷ २.८६) = ०.३३७
एच-अल्फावरचे शोषण = २.५३ × ०.३३७ = ०.८५ प्रत

म्हणजे फ्लक्सला २.१९ ने गुणायचे. इथे आकाशगंगेच्या धुळीचा शोषण-वक्र वापरला आहे. अनेक जण या ठिकाणी काल्झेटींचा वक्र लावतात. तो वक्र ताऱ्यांच्या सलग प्रकाशासाठी बांधलेला आहे, वायूच्या रेषांसाठी नाही. तो लावला तर गुणक २.४१ येतो. काल्झेटींचाच दुसरा निष्कर्ष असा की सलग प्रकाशावरचे रंगाधिक्य वायूवरच्या रंगाधिक्याच्या ०.४४ पट असते, कारण कोवळे तारे आपल्या जन्माच्या ढगात अजून गुरफटलेले असतात, जुने बाहेर पडलेले असतात. म्हणून रेषांवरून काढलेले रंगाधिक्य जसेच्या तसे अतिनील प्रकाशाला लावू नका.

या पायरीवर एच-बीटाच्या अचूकतेला फार जपा. दुरुस्त फ्लक्स हा गुणोत्तराच्या २.३४ व्या घाताप्रमाणे बदलतो. एच-बीटा १० टक्के कमी मोजली तर उत्तर सुमारे २८ टक्क्यांनी फुगते. एच-बीटाचा संकेत गोंगाटाच्या तिप्पटही नसेल, तर या गुणोत्तरावर विसंबू नका आणि पुढची अवरक्ताची वाट धरा. गुणोत्तर २.८६ हून कमी आले तर शोषण शून्य धरा. उणे धूळ नसते.

पायरी चार: तेजस्विता. हबल स्थिरांक ७० आणि द्रव्याची घनता ०.३ धरून तेजस्विता-अंतर २२२ मेगापारसेक, म्हणजे ६.८६ × १०^२६ सेंटिमीटर. ४π गुणिले अंतराचा वर्ग गुणिले दुरुस्त फ्लक्स (२.६३ × १०^−१४) म्हणजे १.५६ × १०^४१ अर्ग प्रति सेकंद. तिचा लॉग ४१.१९. दर निघाला वर्षाला ०.८४ सौर वस्तुमान.

पायरी पाच: हा दर कोणाचा? संपूर्ण दीर्घिकेचा नव्हे. ३ सेकंदांचा तंतू या अंतरावर जेमतेम २.९ किलोपारसेक व्यासाचे वर्तुळ पाहतो. ढोबळ उपाय म्हणजे लाल पट्ट्यातली तंतूची प्रत आणि एकूण प्रत यांतला फरक घेणे. तो १.७ असेल तर ४.८ ने गुणा, आणि दर ४.० येतो. यामागचे गृहीतक असे की एच-अल्फा दीर्घिकेभर लाल प्रकाशासारखीच पसरली आहे. जुन्या ताऱ्यांचा मोठा फुगवटा आणि बाहेर निळे बाहू असलेल्या सर्पिलांत ते खोटे ठरते, आणि दर कमी निघतो. मांगा सर्वेक्षणासारखे, दीर्घिकेच्या प्रत्येक ठिपक्याचा वर्णपट देणारे निरीक्षण उपलब्ध असेल तर हा सगळा अंदाज टाळता येतो.

वर्णपटाऐवजी अरुंद फिल्टरने छायाचित्र घेतले तर तंतूच्या मर्यादित व्यासाचा प्रश्न सुटतो, पण दुसरे तीन उभे राहतात. फिल्टर दीर्घिकेच्या वेगाला जुळला पाहिजे. सेकंदाला १५०० किलोमीटर वेगाने रेषा ३३ अँगस्ट्रॉम सरकते. सुमारे १०० अँगस्ट्रॉम रुंदीच्या फिल्टरमध्ये शेजारच्या दोन्ही नायट्रोजन रेषाही शिरतात, आणि मोठ्या सर्पिलांत त्या एच-अल्फाच्या ४० ते ५० टक्के भरू शकतात. त्या वजा करा. तिसरा प्रश्न सलग प्रकाशाच्या वजाबाकीचा. लाल पट्ट्यातले चित्र दोन्ही चित्रांतले तारे नाहीसे होतील अशा प्रमाणात वजा करतात. त्याआधी दोन्ही चित्रांतली ताऱ्यांची रुंदी सारखी करून घ्या, नाहीतर प्रत्येक ताऱ्याभोवती काळी-पांढरी कडी उरतात आणि फुगवट्याच्या जागी खोटी एच-अल्फा उगवते.

दुसरी वाट: अतिनील अधिक अवरक्त

संपूर्ण दीर्घिकेचा दर हवा असेल तर ही वाट सर्वांत भरवशाची, कारण हिशोबाच्या दोन्ही बाजू तिथे प्रत्यक्ष मोजल्या जातात. सुटलेला प्रकाश अतिनीलमध्ये, गिळलेला अवरक्तात. मात्र हा दर गेल्या सुमारे १० कोटी वर्षांची सरासरी असतो.

अतिनीलसाठी बहुतेक आकाशावर २००३ ते २०१३ या काळात काम केलेल्या गॅलेक्स उपग्रहाची चित्रे आहेत, सुमारे ४ ते ५ सेकंदांइतकी धूसर. त्याहून बारीक हवे असेल तर २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरची यूव्हीआयटी दुर्बीण पाहा. तिची चित्रे दीड सेकंदाहून रेखीव आहेत आणि एका वेळी सुमारे २८ कोनीय मिनिटे रुंद आकाश टिपतात. जवळच्या दीर्घिकेतले तारानिर्मितीचे पुंजके वेगळे करायला तिच्याइतके चांगले साधन क्वचितच मिळेल. अवरक्तासाठी वाइज या अवरक्त उपग्रहाचा २२ मायक्रॉनचा पट्टा संपूर्ण आकाशाला उपलब्ध आहे, पण त्याची चित्रे १२ सेकंदांइतकी धूसर आहेत.

मोजमापात दोन खड्डे आहेत. दूर-अतिनील चित्रात पार्श्वभूमी इतकी अंधारी असते की बहुसंख्य पिक्सेलमध्ये एकही फोटॉन पडलेला नसतो. तिथे नेहमीच्या सवयीने मध्यक घेतला तर तो शून्य येतो आणि पार्श्वभूमी वजाच होत नाही. सगळे तारे आणि दीर्घिका झाका, आणि उरलेल्या पिक्सेलची सरासरी घ्या. दुसरा खड्डा प्रतींच्या मापाचा. गॅलेक्सच्या प्रती एबी मापात असतात, वाइजच्या वेगा मापात, आणि दोन्हींत शून्य प्रत वेगवेगळ्या फ्लक्सला धरतात. २२ मायक्रॉनला शून्य प्रत म्हणजे ८.३६ जान्स्की (जान्स्की हे फ्लक्सचे एकक). तिथे एबीचे ३६३१ घातले तर उत्तर चारशेपटींहून अधिक चुकते.

सूत्र असे:

एकूण = अतिनील तेजस्विता + ३.८९ × (२५ मायक्रॉनची तेजस्विता)
लॉग(दर) = लॉग(एकूण) − ४३.३५

दोन्ही तेजस्विता वारंवारतेने गुणलेल्या, अर्ग प्रति सेकंद. वाइजचे २२ मायक्रॉन २५ च्या जागी चालतात. तीच दीर्घिका पुन्हा घेऊ. दूर-अतिनील प्रत १७.५ म्हणजे ३.६३ × १०^−२७ अर्ग प्रति सेकंद प्रति चौरस सेंटिमीटर प्रति हर्ट्झ. वारंवारता १.९५ × १०^१५ हर्ट्झ. तेजस्विता ४.१९ × १०^४३. वाइजची प्रत ७.० म्हणजे ०.०१३३ जान्स्की, तेजस्विता १.०७ × १०^४३, आणि ३.८९ ने गुणल्यावर ४.१६ × १०^४३. बेरीज ८.३५ × १०^४३, दर ३.७. एच-अल्फाने ४.० दिले होते. इतकी जवळीक रोज मिळत नाही. दीड ते दोन पटींचा फरक या क्षेत्रात नित्याचा आहे.

नुसत्या अतिनीलवरून दर १.९ आला असता, म्हणजे निम्मा हिशोब गहाळ. अवरक्त उपलब्ध नसेल तर अतिनील रंगावरून धुळीचा अंदाज करता येतो, पण ती पद्धत स्फोटक तारानिर्मितीच्या दीर्घिकांवर बसवलेली आहे. शांत सर्पिलांत जुन्या ताऱ्यांमुळेही रंग तांबूस दिसतो आणि धूळ फुगवून मोजली जाते.

एच-अल्फालाही असाच अवरक्ताचा जोड देता येतो: दिसलेली एच-अल्फा अधिक २५ मायक्रॉनच्या तेजस्वितेच्या ०.०२० पट. एच-बीटा दुबळी असेल तेव्हा हाच मार्ग धरायचा. एकेकट्या पुंजक्यासाठी तोच गुणक ०.०३१ असतो. फरकाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संपूर्ण दीर्घिकेतली काही धूळ जुन्या ताऱ्यांनी तापवलेली असते आणि तिचा ताज्या तारानिर्मितीशी संबंध नसतो. म्हणून तिथे अवरक्ताला कमी वजन द्यायचे. बेरजेचे सूत्र वापरल्यावर पुन्हा गुणोत्तराने धुळीची दुरुस्ती करू नका. तीच धूळ दोनदा मोजली जाईल.

तिसरी वाट: रेडिओ

रेडिओ लहरींना धूळ आडवी येत नाही. जड तारे फुटले की त्यांच्या धक्क्याने वेगवान झालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना रेडिओ लहरी सोडतात.

लॉग(दर) = लॉग(१.४ गिगाहर्ट्झची तेजस्विता, अर्ग प्रति सेकंद प्रति हर्ट्झ) − २८.२०

नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना या कामाला उपयोगी पडतात. तिचे मोजमाप ६५० मेगाहर्ट्झचे असेल तर १.४ गिगाहर्ट्झला आणायला ०.५८ ने गुणा (वर्णपटाचा उतार −०.७ धरून). दूरच्या दीर्घिकेसाठी तेजस्वितेला आणखी (१ + ताम्रसृती) च्या −०.३ व्या घाताने गुणायचे.

जवळची, मोठी दिसणारी दीर्घिका असेल तर सावध राहा. जीएमआरटीला १.४ गिगाहर्ट्झवर सुमारे ७ कोनीय मिनिटांहून मोठी पसरट रचना दिसत नाही. अँटेनांमधले सर्वांत लहान अंतर सुमारे १०० मीटर असल्याचा तो परिणाम आहे. दीर्घिकेची मंद चकती चित्रातून अलगद नाहीशी होते आणि दर कमी येतो. एकट्या मोठ्या अँटेनाने घेतलेला एकूण फ्लक्स मिळाला तर त्याच्याशी ताडून पाहा, किंवा कमी वारंवारतेचा पट्टा निवडा. फार दाट स्फोटक तारानिर्मितीत मात्र कमी वारंवारतेवर तप्त वायू स्वतःच लहरी शोषतो, म्हणून तिथे उताराचा सरधोपट आकडा लावू नका, दोन वारंवारतांवर मोजून उतार काढा.

रेडिओत कृष्णविवर हा सर्वांत मोठा शत्रू. केंद्रातून दोन बाजूंना झोत दिसत असतील, किंवा रेडिओचा दर अवरक्ताच्या दराच्या कित्येक पट असेल, तर तो आकडा बाजूला ठेवा. वाइजच्या पहिल्या दोन पट्ट्यांतला फरक ०.८ प्रतीहून जास्त असणे हाही कृष्णविवराचाच इशारा.

एम८२: जिथे वाटा वेगळ्या होतात

एम८२ कडेने दिसते आणि धुळीने माखलेली आहे. पुण्याच्या अक्षांशावरून ती जेमतेम ३९ अंश वर येते, पण त्याने फारसे बिघडत नाही, कारण तिच्याबाबत दृश्य प्रकाश तसाही भरवशाचा नाही. केंद्रातली एच-अल्फा धुळीआड असते, आणि जी सुंदर लाल तंतुजाळी चकतीच्या वर-खाली दिसते तिच्यातला बराच वायू बाहेर फेकला जाणारा आहे. एच-अल्फा आणि एच-बीटाचे गुणोत्तर वापरूनही पूर्ण दुरुस्ती होत नाही. दोन्ही रेषा फक्त धुळीच्या पृष्ठभागाजवळून येतात. आतून काहीच येत नसेल तर गुणोत्तराला आतले कसे कळणार?

अवरक्तात हिशोब सरळ आहे. आयरास उपग्रहाने तिचे फ्लक्स मोजले: १२ मायक्रॉनला ७९.४, २५ ला ३३२.६, ६० ला १४८०, १०० ला १३७४ जान्स्की. एकूण अवरक्त फ्लक्स:

१.८ × १०^−११ × (१३.४८ × ७९.४ + ५.१६ × ३३२.६ + २.५८ × १४८० + १३७४)

कंसातली बेरीज सुमारे ७९८०, फ्लक्स १.४४ × १०^−७ अर्ग प्रति सेकंद प्रति चौरस सेंटिमीटर. अंतर ३.६ मेगापारसेक धरल्यास तेजस्विता २.२ × १०^४४, लॉग ४४.३५. एकूण अवरक्तासाठी ४३.४१ वजा करा: दर ८.७.

रेडिओत तिचा १.४ गिगाहर्ट्झचा फ्लक्स मोजणीगणिक ७ ते ८ जान्स्कीच्या आसपास येतो. ७.७ धरला तर तेजस्विता १.२ × १०^२९, दर ७.५. एकात तापलेली धूळ, दुसऱ्यात फुटलेल्या ताऱ्यांचे इलेक्ट्रॉन. इतक्या वेगळ्या दोन प्रक्रिया एकच आकडा सांगतात, हे पाहून खरोखर समाधान वाटते. आकाशगंगेहून बरीच लहान असलेली ही दीर्घिका तिच्या चौपट-पाचपट वेगाने तारे घडवते आहे.

कोणती वाट कधी

धुळीने भरलेली, स्फोटक तारानिर्मितीची दीर्घिका असेल तर एकूण अवरक्त आणि पडताळ्याला रेडिओ. साधी सर्पिल असेल तर अतिनील अधिक २२ मायक्रॉन. धूळ कमी असलेल्या बटू दीर्घिकेत अतिनील. बटू दीर्घिकेला एच-अल्फा टाळण्याचे कारण संख्याशास्त्रीय आहे. दर वर्षाला ०.०१ च्या खाली गेला की कोणत्याही क्षणी जड तारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. आज एकही नसेल तर एच-अल्फा शून्याकडे जाते, तारानिर्मिती चालू असली तरी. त्याच कारणाने ही सूत्रे साधारण ५०० पारसेकहून लहान तुकड्यांना लावू नका. तिथे तारे सलग घडत नाहीत, एका झटक्यात घडतात, आणि 'प्रति वर्ष' या मापालाच अर्थ उरत नाही. लंबवर्तुळाकार, जुन्या दीर्घिकेत अवरक्त आणि अतिनील दोन्ही जुन्या ताऱ्यांमुळे फसवतात. तिथे आकडा वरची मर्यादा म्हणून द्या.

सगळ्या तरंगलांबींचे फ्लक्स हाताशी असतील तर 'सिगाल' किंवा 'प्रॉस्पेक्टर' यांसारखे प्रोग्राम संपूर्ण वर्णपटाला प्रतिकृती बसवून दर देतात. ते वापरावेतच, पण वरच्या सूत्रांनी हाताने एकदा उत्तर काढून झाल्यावर. प्रोग्राम चुकीच्या एककातल्या आकड्यांनाही विनातक्रार प्रतिकृती बसवतो.

एच-अल्फाच्या मुळाशी असलेले एक गृहीतक सहसा कोणी उच्चारत नाही. प्रत्येक आयनीकारक फोटॉन दीर्घिकेतल्या हायड्रोजनलाच लागतो, बाहेर निसटत नाही, असे आपण धरतो. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या कनक साहा यांच्या चमूने २०२० मध्ये अ‍ॅस्ट्रोसॅटच्या निरीक्षणांतून एयूडीएफएस०१ या दीर्घिकेतून असे फोटॉन निसटताना पकडले. तिची ताम्रसृती १.४२ आहे. जवळच्या मोठ्या सर्पिलांत ही गळती सहसा नगण्य असते, पण लहान, घट्ट, तीव्र तारानिर्मितीच्या दीर्घिकेत एच-अल्फाचा दर अतिनीलपेक्षा कमी दिसला, तर इतर कारणांबरोबर हेही तपासा.

आकडा नोंदवताना त्याच्या शेजारी अंतर, वस्तुमानांची वाटणी, कोणते सूत्र, कोणत्या धुळीच्या वक्राने दुरुस्ती केली आणि किती व्यासाचा भाग मोजला, हे लिहा. मोजमापाची चूक आणि सूत्राची चूक वेगवेगळी द्या. फ्लक्स २ टक्के अचूक असला तरी सूत्र स्वतः ०.२ ते ०.३ डेक्स, म्हणजे दीड ते दोन पट, सैल आहे. वरच्या दीर्घिकेची नोंद अशी होईल: दर ३.७ सौर वस्तुमान प्रति वर्ष, अतिनील अधिक २२ मायक्रॉन, संपूर्ण दीर्घिका, क्रूपा, अंतर २२२ मेगापारसेक, एच-अल्फाने ४.०, तंतूची दुरुस्ती ४.८ पट.